दोनशे बारा नंबरचा रिपोर्ट

आमचे हे माझ्याच दवाखान्यात माझ्यापासून लपून येऊन गेले, आणि त्या लपालपीत त्यांचा जीव जायची वेळ आली. हे आधीच सांगून टाकते. मला गोष्ट रंगवता येत नाही, आणि पुढे काय झालं असेल ओळखा बघू, असले खेळ मला आवडत नाहीत.

'माझा दवाखाना' म्हणते म्हणून मी डॉक्टर आहे असं समजू नका. मी काउंटरवर बसते. एकोणीस वर्षं झाली. पेशंट मला बाई म्हणतात, डॉक्टरही बाईच म्हणतात. आमचे डॉक्टर पुरुषांचे डॉक्टर. लग्न झालंय पण जमत नाही, जमत होतं ते जमेनासं झालंय, मूल होत नाही, इच्छाच होत नाही, नको तितकी घाई होते, असे सगळे आमच्याकडे येतात. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे, पण आजूबाजूचे लोक त्यांना 'तळमजल्याचे डॉक्टर' म्हणतात. डॉक्टरांना हे माहीत आहे. एकदा लिफ्टमध्ये एकानं त्यांनाच विचारलं, "तळमजल्याचे डॉक्टर कितव्या मजल्यावर बसतात हो?" डॉक्टर म्हणाले, "तिसऱ्या," आणि त्याला स्वतःबरोबर वर घेऊन आले.

आधी ते मोठ्या हॉस्पिटलात मुतखड्याचे सर्जन होते. चांगलं नाव होतं. तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. माणूस मुतखडा दाखवायचा, चिठ्ठी घ्यायचा, उठायचा, दारापर्यंत जायचा, आणि तिथे घुटमळून म्हणायचा, "डॉक्टर, आणखी एक जरा विचारायचं होतं." तेवढ्यात पुढचा पेशंट आत घुसायचा आणि पहिला पळून जायचा. असे किती गेले याचा हिशेब डॉक्टर मनात ठेवत राहिले. शेवटी त्यांनी मुतखडे सोडले आणि ते 'आणखी एक जरा' तेवढंच धरलं.

घरात बॉम्ब पडला. त्यांच्या आई शेवटपर्यंत सगळ्यांना "मुलगा किडनीचा डॉक्टर आहे" असंच सांगत होत्या. सासरे म्हणाले, जगात एवढे अवयव आहेत, जावयाला हाच सापडला? जागा कुणी देईना. एका घरमालकानं तर बोलणी झाल्यावर पाटीचा मजकूर वाचला आणि किल्ली परत मागितली. पहिल्या वर्षी आठवड्याला दोन पेशंट यायचे, त्यातला एक खालच्या दातांच्या डॉक्टरकडे जायचा चुकून वर आलेला असायचा. डॉक्टर त्यालाही पाणी देऊन खाली पाठवायचे.

मग ही जागा मिळाली. डॉक्टरांनी मुद्दाम लांबट खोली घेतली. टेबल एका टोकाला, दार दुसऱ्या टोकाला, मध्ये चौदा पावलं. पेशंट उठला की डॉक्टरही उठतात आणि त्याच्याबरोबर दारापर्यंत चालतात, अगदी रमतगमत. टेबलाशी बसून जे सांगतात ते निम्मं खोटं असतं. नवव्या-दहाव्या पावलाला खरं येतं. मग दोघं परत टेबलाकडे जातात आणि डॉक्टर आधीची चिठ्ठी फाडून नवी लिहितात. रोज अशा फाटक्या चिठ्ठ्यांनी टोपली भरते, ती मी रिकामी करते.

आणखी एक त्यांचं ठाम मत आहे. खालचा आजार पुष्कळदा वरून येतो. तिथल्या रक्ताच्या नळ्या बारीक, त्या आधी तुंबतात. हृदयाच्या जाड, त्या मागाहून. म्हणून पन्नाशीचा माणूस गोळी मागायला आला की ते आधी त्याला हृदयाच्या तपासणीला पिटाळतात. लोक असले चिडतात! "मी मागतोय काय आणि हे बघतायत काय!" असं माझ्या काउंटरवर येऊन म्हणतात. मी म्हणते, "तुम्हाला गोळी हवीय ना, मग ती पचवायला माणूस शिल्लक राहायला नको का?" मग जातात.

आमच्याकडे नावानं हाक मारत नाहीत. नंबर. खुर्च्या सगळ्या खिडकीकडे तोंड करून, कुणी कुणाच्या समोर नाही. आत यायचं दार वेगळं, बाहेर जायचं वेगळं. फॉर्मवर नाव काय वाटेल ते लिहा, आम्ही विचारत नाही. त्यामुळे लोक बॉसचं नाव लिहितात, शेजाऱ्याचं लिहितात. एका वर्षी एकाच गाजलेल्या नटाच्या नावाचे अकरा जण झाले. वय सगळे कमी लिहितात, मी मनात पाच वर्षं मिळवते. एक जण काळा चष्मा आणि कानटोपी घालून आला आणि खिशाला ऑफिसचं फोटोवालं ओळखपत्र तसंच लटकत होतं. एक जण सहा महिने "मित्रासाठी विचारतोय" म्हणून यायचा, आणि एकदा डॉक्टरांनी कपडे काढा म्हटल्यावर म्हणाला, "मित्राला विचारून सांगतो."

आणि बायकांचे फोन. "आमचे मिस्टर तुमच्याकडे येतात का हो?" त्याला उत्तर एकच: "इथे आम्ही कुणाला ओळखत नाही." हे वाक्य मी एकोणीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल! काही बायका काउंटरवर येऊन रडल्या. मी त्यांना पाणी दिलं आणि तेच सांगितलं. कारण डॉक्टरांनी हा नियम एकदाच मोडला होता, मी यायच्या आधी. एका बाईनं रडत फोन केला, नवरा जवळ येत नाही, दुसरी कुणी आहे का म्हणून. डॉक्टरांना वाटलं, खरं सांगितलं तर हिचा जीव भांड्यात पडेल. सांगितलं. तिचा पडलाही. तो माणूस मात्र त्यानंतर आमच्याकडे आला नाही आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेला नाही. साखर वाढून पाय काढायची पाळी आली तरी दवाखान्याची पायरी चढेना. हे त्या बाईनंच वर्षभरानं येऊन सांगितलं. तेव्हापासून डॉक्टरांचं तोंड शिवलेलं आहे.

माझंही होतं. नाव, पत्ता, चेहरा, काही म्हणून काही मी कधी दवाखान्याबाहेर काढलं नाही. घरी जेवताना किस्से तेवढे सांगायचे. कानटोपीवाला, मित्रवाला, नटाच्या नावाचे अकरा. आमचे हे पोट धरून हसायचे. "आज काय नवीन?" म्हणून स्वतःच विचारायचे.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. सत्तावन्न वय. माणूस गुणी, फक्त बोलायच्या बाबतीत काटकसर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बाहेरच्या खोलीत झोपायला सुरुवात केली. पाठ दुखते म्हणाले, पलंग मऊ आहे म्हणाले. पहिल्यांदा मला वाटलं, खरंच पाठ असेल. मग वाटलं, मी जाड झाले. मग वाटलं, कुणीतरी आहे. मी त्यांच्या शर्टांचे वास घेतले. शर्टांना ग्रीसचा वास येत होता, तीस वर्षं येतो तोच. "आज काय नवीन?" हे विचारायचं त्यांनी कधी बंद केलं, ते मात्र मला आठवत नाही. एकोणीस वर्षं मी हेच दुखणं घेऊन आलेली माणसं रांगेनं बघत होते, आणि घरातलं दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी विचारलंही नाही. राग होता मला, सरळ सांगते. मनात म्हणायचे, बसा बाहेर, मला काय पडलंय.

तेवढ्यात मुलीचं बाळंतपण आलं. मी पंधरा दिवस तिच्याकडे गेले. काउंटरवर आमचा रक्त काढणारा बसला. त्या पंधरा दिवसांत हे आले. हे सगळं मला नंतर कळलं. आले, फॉर्म भरला, डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर ओळखलं, कारण दर वर्षी दवाखान्याच्या वाढदिवसाला हे मला घ्यायला यायचे. दोघांनीही ओळख दाखवली नाही. यांनी गोळी मागितली. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे हृदयाच्या तपासणीला पाठवलं. हे ती करून आले आणि रिपोर्ट यायच्या आत मी परत आले. आता रिपोर्ट न्यायचा तर माझ्यासमोरून जायला हवं! हे आलेच नाहीत.

मला एवढंच दिसलं, की डॉक्टरांचं काहीतरी बिनसलंय. पेशंटबरोबर चालताना भराभर चालायचे, माझ्या काउंटरपाशी येऊन उभे राहायचे आणि काही न बोलता परत जायचे. मग एका सोमवारी म्हणाले, "बाई, गुरुवारी सुट्टी घ्या."

"का?"

"काउंटरला पॉलिश करायचंय."

एकोणीस वर्षांत या माणसानं मला स्वतःहून सुट्टी दिली नव्हती. मी घेतली. आणि घरी बसून काय करणार, म्हणून यांनाही रजा काढायला लावली. म्हटलं, दहा वर्षं माळा साफ करायचाय, आज करू. हे दोनदा म्हणाले, मला बाहेर काम आहे. मी म्हटलं, काम कुठे पळून जात नाही. दिवसभर मी यांना शिडीवर वर-खाली करायला लावलं. दुपारी हे शिडीच्या मधल्या पायरीवर थांबले, घामानं निथळत होते. "वय झालं तुमचं," मी म्हणाले, आणि ट्रंक त्यांच्या हातात दिली. आता आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

शुक्रवारी दवाखान्यात गेले तर काउंटरला पॉलिशचा वाससुद्धा नाही. डॉक्टर मला बघून विचारतात, "काल घरीच होतात?" मी म्हटलं, "मग कुठे जाणार? दोघांनी मिळून माळा साफ केला." डॉक्टर खुर्चीत बसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा, "बाई, या गुरुवारी नाही आलात तरी चालेल." माझं डोकंच फिरलं. मला खात्री झाली की माझ्या जागी कुणी तरुण पोरगी आणायचा विचार आहे आणि डॉक्टर भिडेखातर तोंडानं बोलत नाहीत.

गुरुवारी मी घरून बाहेर पडले ती थेट दवाखान्यात. यांना माहीत होतं मला सुट्टी आहे, त्यामुळे पुन्हा माळा निघायच्या आत हे मुकाट कामावर गेले होते. काउंटरवर कुणी पोरगी नव्हती, रक्त काढणाराच होता. डॉक्टर आत पेशंटबरोबर. मी म्हटलं, आलेच आहे तर कामं करते, आणि न नेलेले रिपोर्ट काढून बसले. आमच्याकडे धोक्याच्या रिपोर्टला लाल चिकटपट्टी लावतात. असा एक सापडला: दोनशे बारा. तारीख पाहिली. सहा आठवडे! हृदयाच्या तीन मुख्य नळ्यांपैकी दोन बंद होत आलेल्या, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात, 'जिने चढणे बंद. आठवड्याच्या आत दाखल.' मी रक्त काढणाऱ्याला झापलं, "या पेशंटला फोन का नाही केला?" तो म्हणाला, "हे डॉक्टर स्वतः बघतायत, मला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय." फॉर्मही नेहमीच्या खोक्यात नव्हता.

पेशंट बाहेर पडला, डॉक्टर हात धुवायला गेले, तेव्हा मी आत जाऊन त्यांचा खण उघडला. हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. दोनशे बाराचा फॉर्म वरच होता. नाव वाचलं आणि मला हसू फुटलं. माझ्या भावाचं नाव! म्हटलं, अरे देवा, दादा? एवढा मिशीला पीळ देणारा? मग वय वाचलं. बावन्न. आकड्याभोवती चौकोन.

आकड्याभोवती चौकोन आमचे हे काढतात. आयुष्यभर लिफ्टच्या सर्व्हिस कार्डावर लिहून लागलेली सवय. दुधाच्या हिशेबातसुद्धा काढतात. आणि माझ्या भावाचं न् यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, तेव्हा खोटं नाव द्यायची वेळ आली की यांना दुसरं कुणाचं सुचणार? बावन्नात पाच मिळवले. तिथेच बसले मी, डॉक्टरांच्या खुर्चीत.  दुसरी कुणी नव्हती, याचा आनंद झाला, हेही सांगते. तो क्षणभरच. मग तो 'दाखल' शब्द परत दिसला आणि आठवलं, की आत्ता हा माणूस कुठल्यातरी इमारतीत गच्चीवरच्या मशीन-रूमचे जिने चढत असेल.

डॉक्टर आले. मला खुर्चीत बघितलं, उघडा खण बघितला, आणि पेशंट बसतो त्या खुर्चीवर बसले.

"दोनशे बाराला फोन केलात?" मी विचारलं.

"चार वेळा. धोका आहे, जिने चढू नका, तेही सांगितलं."

"काय म्हणतात?"

"येतो म्हणतात."

"मग येत का नाहीत?"

"बाई, मी पेशंटबद्दल बोलत नाही."

"माझ्याशी रोज बोलता. मी काउंटर आहे."

"या पेशंटबद्दल नाही."

मला असा संताप आला! "आणि तिकडे जीव गेला म्हणजे? तुमचा नियम येणार आहे का घर सांभाळायला?" माझा आवाज चढला होता. बाहेर पेशंट बसले होते, पण खिडकीकडे तोंड करून.

"मला सहा आठवडे धड झोप नाही," डॉक्टर म्हणाले. "रोज वाटतं, सांगून टाकावं. रोज सकाळी तोंडाशी येतं. तुम्हीच सांगा बाई, बायकोनं हाताला धरून आणलेले किती जण दुसऱ्यांदा आले?"

याचं उत्तर माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. बोटांवर मोजण्याइतके. पहिल्यांदा येतात, मान खाली घालून बसतात, सगळ्याला हो म्हणतात, आणि मग तोंड दाखवत नाहीत. आणि आमचे हे तर हट्टाचे मेरुमणी. मी हाताला धरलं असतं तर म्हणाले असते, मला काही झालेलं नाही, आणि त्याच दिवशी सहा मजले चढून दाखवले असते.

मी डोळे पुसले. "पुढचा पूर्ण आठवडा मी मुलीकडे जातेय," मी म्हणाले. "नात आजारी आहे."

"जा."

"सगळ्या पेशंटना कळलं पाहिजे की बाई नाहीत. ज्यांना कळवायचं त्यांना कळवा."

"कळवतो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी फॉर्म खणात ठेवला आणि आम्ही त्या विषयावर पुढे एक अक्षर बोललो नाही.

मधले तीन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. घरी यांना एक काम सांगितलं नाही. पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही, तर हे संशयानं बघायला लागले. सोमवारी मी पिशवी भरली. यांनी मला बसमध्ये बसवून दिलं, पिशवी मीच धरली. पुढच्या थांब्याला मी उतरले आणि बहिणीकडे गेले. तिला सांगितलं, नवऱ्याशी भांडले. ती खूश झाली.

दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, चष्म्याचं दुकान आहे. तिथून आमच्या इमारतीचं दार, लिफ्ट आणि जिन्याच्या पहिल्या पायऱ्या दिसतात. सोमवारी मी तिथे जाऊन बसले. मंगळवारीही बसले. हे आले नाहीत. दुकानदार सज्जन, पण किती वेळ नुसतं बसू देणार? म्हणून मी फ्रेमा बघत राहिले. लांबोडके, गोल, बदामी, पुरुषांचे, लहान मुलांचे, सगळे चष्मे चढवून पाहिले. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला नंबर तरी आहे का?"

बुधवारी सकाळी अकराला हे आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. दारातून आत गेले आणि लिफ्टपाशी थांबले, तेव्हा मला दिसलं: लिफ्टवर 'बंद आहे'ची पाटी होती. ती त्याच सकाळी लागली असणार; मी दारावर डोळा ठेवून होते, पाटीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. यांनी लिफ्टच्या दाराला कान लावला. एकदा ठोकून पाहिलं. मग जिन्याकडे वळले.

मी ओरडले, पण मध्ये सगळी वाहनं. मी दिसले तर हे पळून जातील, कायमचे जातील, हे डोक्यात होतं. आणि पाय धावत होते. माझ्या आयुष्यात मी असा रस्ता ओलांडलेला नाही. दोघांनी शिव्या दिल्या. पहिला मजला रिकामा होता. दुसऱ्याच्या आधीच्या वळणावर हे पायरीवर बसले होते, भिंतीला टेकून. चेहरा राखेसारखा. एका हातानं जबडा धरलेला.

माझ्याकडे बघून म्हणाले, "हा चष्मा कुणाचा?"

मी डोळ्यांना हात लावला. दुकानातला लाल चष्मा तसाच होता, किमतीची चिठ्ठी गालावर लोंबत होती.

"लिफ्ट बघायला आलो होतो," हे म्हणाले. श्वास पुरत नव्हता. "बंद आहे म्हणून... फोन आला होता."

"हो," मी म्हणाले. "बोलू नका." आणि फोन काढून वर लावला. "डॉक्टर, दोनशे बारा जिन्यात बसलेत. जबडा दुखतोय. लवकर या."

डॉक्टर धावत आले, सपाता वरच राहिल्या होत्या. यांना गोळी चावायला लावली, ॲम्ब्युलन्स बोलावली, नाडी धरून पायरीवर बसले. मी दुसऱ्या बाजूला. ॲम्ब्युलन्स यायला बारा मिनिटं लागली. डॉक्टर दोनदा म्हणाले, बोलू नका, पण या माणसाला तीस वर्षांत बोलायचं नव्हतं ते तेव्हाच बोलायचं होतं.

"तुला माहीत होतं?"

"सहा दिवस झाले."

"हसलीस?"

"अहो, काय बोलताय?"

"तू हसायचीस ना. जेवताना. मीपण हसायचो," हे म्हणाले. थांबून थांबून, डोळे मिटून. "तो टोपीवाला. मित्रवाला. मला वाटलं, आता दुसऱ्या कुणाच्या तरी ताटावर मी."

 एकोणीस वर्षांत मी एकाचंही नाव बाहेर काढलं नव्हतं, त्याचा मला केवढा ताठा होता! पुरुषानं इथे यायचं म्हणजे जिवावर येतं, हे मी काउंटरवर रोज बघत होते, आणि घरी येऊन त्याचीच चेष्टा वाढत होते, नवऱ्याला. दोन वर्षं त्यांनी ती ऐकली. डॉक्टर खाली बघत होते. त्यांनाही हे माहीत नव्हतं, त्यांना वाटत होतं मी घरीसुद्धा चूप असते.

"चुकलं माझं," मी म्हणाले. एवढंच म्हणता आलं. मग स्ट्रेचर आला.

हे वाचले. दोन्ही नळ्यांत स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टर रोज संध्याकाळी येऊन बसायचे, लिफ्टबद्दल बोलायचे, दुसरं काही नाही. चष्मेवाल्याला मी त्याचा चष्मा परत दिला.

चौथ्या दिवशी वॉर्डातली डॉक्टर आली. आमच्या मुलीहून लहान, हातात फॉर्म. झोप कशी, भूक कशी, पूर्वीची दुखणी, एकेक विचारत खुणा करत चालली होती. मग फॉर्मवरून मान न उचलता म्हणाली, "याशिवाय आणखी काही त्रास?"

यांनी माझ्याकडे बघितलं. असं बघणारे चेहरे मी हजारांनी पाहिलेत. मी स्टुलावरून उठले. "मी चहा घेऊन येते," म्हणाले.

"बस," हे म्हणाले.

"आलेच, दोन मिनिटांत."

"बस ना. जाऊ नकोस."

मी बसले. यांनी चादर सारखी केली, आणि त्या मुलीला, मोठ्यानं, पलीकडच्या पलंगावरच्यालाही ऐकू जाईल असं सांगितलं, "दोन वर्षं झाली. बायकोच्या जवळ जाता येत नाही मला. हिला सांगायचं धैर्य झालं नाही."

त्या मुलीनं लिहून घेतलं. मग पहिल्यांदा मान वर केली आणि मला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही," मी म्हणाले. "यांनी आत्ता सांगितलं तेव्हा कळलं."